जिवाणूकडून इन्सुलिन करून घेतात, पण ते साफ कसं करतात? (गावच्या वाचनालयासाठी मदत हवी)

मार्कंडेय_काठ
नमस्कार मंडळी. मी बेळगावात एका कॉलेजात बायोटेक शिकवतो. वर्गात सगळं इंग्रजीतून. गेल्या वर्षी आमच्या गावच्या वाचनालयात जनुकांवर मराठीतून बोललो. माणसाचं इन्सुलिनचं जनुक ई. कोलाय नावाच्या जिवाणूत घातलं, १९७८ मध्ये ते जमलं आणि १९८२ मध्ये औषध बाजारात आलं, असं सगळं सांगितलं. शेवटी पुढच्या ओळीतल्या एक काकू उठल्या. "सर, मी रोज सकाळी ते टोचून घेते. त्यात तो किडा असतो काय?" मी म्हटलं, नाही हो, शुद्ध करतात. त्या म्हणाल्या, "कसं?"

मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून मोकळा झालो. त्यांचं समाधान झालं नाही हे तोंडावर दिसत होतं, आणि ते तोंड वर्षभर डोळ्यासमोरून हललेलं नाही.

पाठ्यपुस्तकात जनुक कसं कापायचं, कसं जोडायचं यावर प्रकरणंच्या प्रकरणं असतात आणि तयार झालेला माल वेगळा कसा काढायचा यावर चार पानं. कारखान्यात चित्र उलटं असतं. पुष्कळ औषधांच्या उत्पादनखर्चात निम्म्याहून जास्त पैसा शुद्धीकरणावर जातो. माझ्या मते खरी विद्या तिथंच आहे, आणि आपण ती लोकांना सांगतच नाही.

पुढच्या महिन्यात त्याच वाचनालयात पुन्हा बोलायचंय, फक्त याच विषयावर. समोर शेतकरी, शाळेची पोरं, काही निवृत्त मास्तर, आणि त्या काकूही असतील. कुठून सुरुवात करू? कुठली उदाहरणं देऊ?

शहापूरची_वैनी
सर, आमच्या सासूबाई पण हेच विचारतात. त्यांची बाटली फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यापासून लांब ठेवतात, त्यातलं काही दुधात उतरेल म्हणून. धागा वाचून दाखवणार त्यांना.

गुऱ्हाळकर_चिकोडी
मास्तर, सुरुवात गुऱ्हाळापासून करा. समोर बसलेल्या निम्म्या लोकांनी चुलवाणाला चिपाड घातलेलं असतंय.

उसाचा रस काहिलीत येतो तेव्हा त्यात नुसती साखर नसते. माती असते, बारीक भुसा असतो, मेण असतंय, पिकाची आणखी काय काय घाण. रस तापला की गुळव्या चुना घालतो, आंबटपणा मारायला. मग रानभेंडीचं खोड ठेचून त्याचा चिकट रस सोडतो. तो चिकटा सगळी घाण धरून वर आणतो. वर मळी येते, ती झाऱ्यानं काढायची. एकदा काढून होत नाही. पहिली मळी काळी, दुसरी पिवळट, मग फेस. माझे आजोबा सांगायचे, मळी काढणारा चुकला तर पुढं कितीबी आटव, गूळ बसत नाही.

आता तुमच्या विषयाशी याचं नातं मला वाटतं ते असं: रस गाळून भागत नाही. कापडातून जे जाईल ते जाणारच. जे विरघळलंय त्याला धरून बाहेर काढायला काहीतरी चिकटणारं लागतंय. बरोबर का चूक, जाणकारांनी सांगा.

खानापूरचा_पोरगा
काका, एकदम बरोबर. मी बेंगळूरला याच कामात आहे, नऊ वर्षं झाली. आमच्याकडे याला डाउनस्ट्रीम म्हणतात, म्हणजे फर्मेंटरच्या (जिवाणू वाढवायच्या टाकीच्या) पुढचं सगळं. तुमची भेंडी म्हणजे आमचा रेझिन. कॉलमात भरलेले बारीक मणी असतात, आणि ते हवं ते नाहीतर नको ते धरून ठेवतात.

मास्तर, इन्सुलिनचंच सांगा, लोकांच्या घरातलं आहे. ई. कोलायमध्ये ते तयार होतं तेव्हा बहुतेक वेळा पेशीच्या आत गाठी होऊन बसतं. नीट दुमडलेलं नसतं. मग काम असं चालतं. आधी पेशी सेंट्रिफ्यूजनं, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रानं, खाली बसवायच्या. मोठ्या दाबानं बारीक फटीतून ढकलून फोडायच्या. पुन्हा सेंट्रिफ्यूज, गाठी जड म्हणून तळाला येतात. त्या युरियाच्या कडक द्रावणात विरघळवायच्या. हाच युरिया तुम्ही उसाला टाकता, फक्त आमचा फार शुद्ध. मग हळूहळू युरिया कमी करत ते प्रथिन योग्य घडीत दुमडू द्यायचं. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं (प्रथिनाचे दुवे), दोन साखळ्या, २१ ची एक आणि ३० ची एक, आणि गंधकाचे तीन पूल: दोन साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे, एक लहान साखळीच्या आतच. पूल चुकीच्या जागी पडले तर ते औषध नव्हे. दोन्ही साखळ्या सुरुवातीला मधल्या एका तुकड्यानं जोडलेल्या असतात, तो नको असलेला तुकडा नंतर एन्झाइमनं कापायचा. हे एवढं झाल्यावर खरं शुद्धीकरण सुरू होतं. एक कॉलम विद्युतभारावर, एक तेलकटपणावर, एक आकारावर. शेवटी जस्त घालून स्फटिक.

आता हिशेब बघा. प्रत्येक पायरीला १० टक्के माल गेला असं धरा, आणि तसं झालं तर आम्ही खूश असतो. सहा पायऱ्यांनंतर १०० ग्रॅममधले ५३ ग्रॅम हातात राहतात. म्हणून पायरी वाढवणं सोपं नसतं. जास्त साफ करायला जावं तर औषधच संपतं.

एक माझा अनुभव. नोकरीला लागल्यावर दुसऱ्या महिन्यात रात्रपाळीला बफरचा, म्हणजे कॉलममध्ये सोडायच्या द्रावणाचा, पीएच (आंबटपणाचं माप) चुकला. मीच मोजला होता, मीटर नीट लावलं नव्हतं. प्रथिन कॉलमला चिकटलंच नाही, सरळ खालून वाहून गेलं. मला कळलंच नाही. कॉलममधून काही सुटेना तेव्हा हातपाय गार पडले. सोबतचे जुने अण्णा होते धारवाडकडचे, त्यांनी शांतपणे विचारलं, "खालचं पाणी टाकलंस काय?" टाकलं नव्हतं. सगळा माल त्याच टाकीत होता. ती बॅच विक्रीला गेली नाहीच, खरं तपासायला आणि शिकायला हाती राहिली. हाती रिपोर्ट येईपर्यंत खालून वाहिलेलं कधी टाकायचं नाही, हे त्या रात्रीपासून अंगात मुरलंय. आता नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी मी तेच सांगतो.

कुंदा_प्रेमी
गूळ झाला, युरिया झाला. आपला दूध आटवून केलेला कुंदा कधी येणार धाग्यात? आटवणं पण शुद्धीकरणच की गा.

शहापूरची_वैनी
@कुंदा_प्रेमी आटवल्यानं घाण जात नाही, घट्ट होते. दूध नासकं असलं तर कुंदा पण नासकाच.

खानापूरचा_पोरगा
वैनींनी एका ओळीत सांगितलं. आमच्याकडे दोन्ही कामं एकाच पडद्यावर होतात. बारीक छिद्रांचा पडदा पाणी आणि मीठ जाऊ देतो, प्रथिन अडवतो. नुसतं पाणी काढलं तर आटवणं. काढलं तेवढंच नवीन पाणी घालत राहिलं तर धुणं.

जुना_टिळकवाडीकर
वय ७१. माझ्या वडिलांना १९७० च्या दशकात इन्सुलिन लागलं. तेव्हा ते गाईच्या नाहीतर डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असायचं. घरात देवपूजा, आणि गाईचं औषध टोचायचं म्हणून आईला फार लागलं होतं. वडील म्हणाले, ती माझा जीव वाचवते आहे, आणि रोज टोचायच्या आधी बाटलीला हात जोडायचे.

पण सांगायचं आहे ते वेगळं. वडिलांच्या दोन्ही मांड्यांना खळगे पडले होते. बोट आत जाईल एवढे. जिथं टोचायचे तिथली चरबी विरून गेली होती. पुढं अधिक शुद्ध इन्सुलिन मिळू लागल्यावर डॉक्टरांनी समजावून सांगितलं की जुन्या औषधात इन्सुलिनबरोबर प्राण्यांची दुसरी प्रथिनंही थोडी यायची आणि शरीर त्यांच्याशी भांडायचं. नवीन बाटल्या आल्यावर नवे खळगे पडले नाहीत. मास्तर, अशुद्धी म्हणजे काय हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुमच्या व्याख्यानात हे जरूर सांगा.

आणखी एक. आपला बेळगावचा व्हॅक्सिन डेपो. आज तिथं लोक सकाळी फिरायला येतात, क्रिकेट खेळतात. नाव कशावरून पडलं हे किती जणांना माहीत आहे? तिथं देवीची लस तयार व्हायची. वासराच्या कातडीवर ती वाढवायची आणि खरवडून घ्यायची. कातडीवरचे इतर जंतू त्यात येणारच, म्हणून ग्लिसरीन घालून ठेवायचे. ग्लिसरीनमध्ये ते जंतू हळूहळू मरतात आणि लस टिकते. शुद्धीकरणाची ती आपल्या गावातली जुनी गोष्ट.

मार्कंडेय_काठ
काका, अंगावर काटा आला. व्हॅक्सिन डेपोवरून रोज जातो आणि हे वर्गात एकदाही बोललो नाही. वडिलांची गोष्ट तुमच्या परवानगीनं, नाव न घेता सांगेन.

तुमच्या मुद्द्याला जोडून: डुकराचं इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा एकाच अमिनो आम्लानं वेगळं, गाईचं तीन ठिकाणी. फरक तसा लहानच. जुन्या बाटलीतला मोठा त्रास सोबत आलेल्या भेसळीचा होता. आणि जुन्या पद्धतीत पाव किलोहून कमी इन्सुलिनसाठी डुकरांचे सुमारे २ टन अवयव लागायचे.

खरं_काय
सगळे कौतुक करालेत म्हणून मी उलटं बोलतो. १९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅन नावाच्या पूरक गोळ्यांनी १५०० हून जास्त माणसं आजारी पडली, तीसहून जास्त मेली. त्या गोळ्या जनुक बदललेल्या जिवाणूपासून केल्या होत्या. आणि माल ९९ टक्क्यांहून शुद्ध होता. मग तुमच्या शुद्धतेचा अर्थ काय राहिला? लोकांना हे सांगणार की फक्त गुळाची गोष्ट सांगून घरी पाठवणार?

लॅबवाली_मलप्रभा
हा प्रश्न व्याख्यानात यायलाच हवा. पण गोष्ट पूर्ण सांगा दादा. जपानमधल्या त्या कारखान्यानं त्याच सुमारास दोन बदल केले होते. जिवाणूचा नवा वाण आणला, आणि शुद्धीकरणात वापरायचा सक्रिय कोळसा, म्हणजे घाण शोषून घेणारा कोळसा, कमी केला. त्यामुळे दोष जनुकाचा की कमी केलेल्या कोळशाचा, हे स्वच्छ वेगळं करता आलं नाही. मालात अगदी थोड्या प्रमाणात असलेले काही नको ते पदार्थ सापडले, त्यातला एक म्हणजे ट्रिप्टोफॅनचेच दोन रेणू जोडून झालेला.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मात्र माझं उत्तर तुमच्याच बाजूचं आहे. ९९ टक्के शुद्ध या शब्दाला औषधात अर्थ नाही. उरलेला एक टक्का कोण आहे हे विचारायचं. मी गुणवत्ता तपासणीत काम करते आणि माझं सगळं आयुष्य त्या उरलेल्यामागं जातं.

उदाहरण देते. ई. कोलायच्या बाहेरच्या भिंतीत एक पदार्थ असतो, एंडोटॉक्सिन. जिवाणू मेला तरी तो राहतो. उकळलं तरी जात नाही. काचेच्या बाटलीवरून घालवायला कोरड्या भट्टीत २५० अंशाला अर्धा तास ठेवतात. रक्तात गेला तर हुडहुडी भरून ताप येतो, जास्त गेला तर जीव जातो. त्याची मर्यादा माणसाच्या वजनाच्या दर किलोला तासाला ५ युनिट, आणि हे युनिट ग्रॅमच्या हिशेबात अतिशय सूक्ष्म. तो मोजायला जगानं कोणाची मदत घेतली? नालखेकड्याची! त्याचं निळं रक्त हा पदार्थ लागला की गोठतं. त्याआधी सशांना टोचून ताप येतो का बघायचे. हा प्राणी आपल्या ओडिशाच्या किनाऱ्यावर पण सापडतो. आता त्याचं रक्त न काढता, तेच प्रथिन जनुकीय पद्धतीनं करूनही चाचणी करता येते. मला तर याचा फार आनंद वाटतो.

काकूंना सरळ उत्तर: किडा नसतो, त्याचे तुकडे सुद्धा मोजून बघितलेले असतात. त्याचं डीएनए, त्याची प्रथिनं, त्याची भिंत, प्रत्येकाची चाचणी वेगळी.

खरं_काय
पटलं. कोळशाचं मला माहीत नव्हतं. मास्तर, तेवढं नक्की सांगा पण.

गुऱ्हाळकर_चिकोडी
मलप्रभाताई, तुमचं ९९ टक्क्यांचं वाचून गुळाचीच आठवण झाली. बाजारात पिवळाधमक गूळ मागतात, म्हणून काही लोक हायड्रोस पावडर टाकून रंग उजळतात. दिसायला शुद्ध, आणि आत पावडर. भेंडीचा गूळ जरा काळपट येतो आणि भाव कमी मिळतो. दरवर्षी याचा राग येतो मला. रंग बघून शुद्ध म्हणणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला पाहिजे.

निपाणीचा_गडी
आमच्या भागात तंबाखूशिवाय बोलणं होत नाही. १९८१ चं आंदोलन आमच्या वडिलांनी पाहिलं, गोळीबारात माणसं गेली, भाव मात्र मागतच राहिलो. आता ऐकतो की तंबाखूच्या पानातून लस काढतात. खरं आहे काय? असलं तर आमच्या रानात का नको?

मार्कंडेय_काठ
खरं आहे, पण तो तुमचा विडीचा तंबाखू नव्हे. त्याचा ऑस्ट्रेलियातला भाऊबंद, निकोटियाना बेन्थामियाना. २०१४ मध्ये इबोलाच्या साथीत झेडमॅप नावाचं औषध त्यात केलेलं होतं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅनडानं त्यातूनच केलेल्या कोविड लसीला मंजुरी दिली. पुढं ती कंपनी बंद पडली, हेही खरं. झाडं बंद हरितगृहात वाढवतात, एक ठरावीक जिवाणू पानात भरतात, आठवड्याभरात पान हवं ते प्रथिन करतं.

रानात न घेण्याचं कारण नियमांचं आणि परागाचं आहेच. पण पान तोडल्यावर पुढं फार कठीण. मलप्रभाताई सांगतील.

लॅबवाली_मलप्रभा
पान वाटलं की हिरवं पाणी मिळतं आणि बघता बघता तपकिरी होतं, कापलेल्या वांग्यासारखं. पानातली फिनॉल नावाची रसायनं तसं करतात, आणि ती प्रथिनाला चिकटतात. निकोटीन वेगळंच. आणि सगळ्यात मोठी अडचण रुबिस्को नावाचं पानाचं स्वतःचं प्रथिन. पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत तेच असतं. हवं ते शोधायचं म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत एक ओळखीचं माणूस शोधायचं. एक युक्ती अशी की पाणी जरा आंबट करायचं. रुबिस्को दुधासारखं फाटून खाली बसतं आणि हवं ते वर राहतं, नशीब असेल तर.

म्हणून हवं ते प्रथिन कोणाकडून करून घ्यायचं हे ठरवतानाच शुद्धीकरण सुरू होतं. ई. कोलाय घेतला तर एंडोटॉक्सिन आलं. यीस्ट घेतलं तर ते नाही, आणि पिकियासारखं यीस्ट माल बऱ्याचदा पेशीबाहेर सोडतं, पेशी फोडायच्या भानगडीतून सुटका. आपल्या बेंगळूरच्या बायोकॉननं इन्सुलिन पिकियात केलं. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ मध्ये कावीळ बी ची लस आणली, भारतातली जनुकीय पद्धतीची पहिली, ती पण यीस्टमधलीच. बायोकॉनची सुरुवात १९७८ मध्ये पपईतल्या पपेन आणि माशाच्या फुग्यातल्या आयसिंग्लासपासून झाली, आणि आयसिंग्लास बियर निवळायला वापरतात. म्हणजे ती कंपनीच निवळण्यापासून सुरू झाली!

कुंदा_प्रेमी
जत्रेचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आकारावरचा कॉलम म्हणजे काय? लहान आधी बाहेर येणार की मोठं?

खानापूरचा_पोरगा
मोठं आधी. सगळे चाळणीसारखं उलटं समजतात. मण्यांना बारीक बारीक छिद्रं असतात. जत्रेत लहान पोरं प्रत्येक दुकानात शिरतात, खेळणी बघतात, मिठाई बघतात. मोठी माणसं सरळ रस्त्यानं देवळाकडे. लहान रेणू प्रत्येक छिद्रात शिरून उशिरा बाहेर येतात, मोठे सरळ बाहेर. मास्तर, हे घ्या तुमच्या भाषणात.

निपाणीचा_गडी
हे मला पण समजलं. धन्यवाद. तंबाखूचं मात्र आमच्या नशिबी विडीच दिसतंय.

वर्णमाला_येळ्ळूर
निवृत्त शिक्षक. कॉलमनं असं वेगळं करण्याला इंग्रजीत क्रोमॅटोग्राफी आणि मराठीत वर्णलेखन म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानातले रंग खडूच्या पूडीतून गाळले, रंगांचे पट्टे पडले, म्हणून रंगाचं लेखन. माझी विनंती, हा शब्द वापरा. आमच्या मराठी शाळेतली पोरं विज्ञानाला इंग्रजीच लागते असं समजतात.

खानापूरचा_पोरगा
गुरुजी, शब्द छान, खरं प्रथिनाला रंग नसतो. आम्ही प्रकाशाच्या आलेखावर बघतो. नुसतं वर्णलेखन म्हटलं तर पोरं रंग शोधत बसतील. मी कॉलमच म्हणतो.

वर्णमाला_येळ्ळूर
दोन्ही म्हणा. आधी रंग दाखवा, मग न दिसणारं सांगा. मी शाळेत वर्षानुवर्षं करायचो तो प्रयोग: पांढरा खडू घ्यायचा, तळापासून बोटभर वर काळ्या स्केच पेननं गोल रेघ मारायची, बशीत थोडं पाणी घेऊन खडू उभा करायचा. पाणी रेघेच्या खाली हवं. पाणी वर चढतं आणि काळ्यातून निळा, जांभळा, पिवळा वेगळे होत जातात. पेनवर अवलंबून. खर्च पाच रुपये.

मार्कंडेय_काठ
गुरुजी, ठरलं. प्रत्येक पोराच्या हातात खडू.

मार्कंडेय_काठ
(पाच आठवड्यांनी) मंडळी, काल व्याख्यान झालं. गुऱ्हाळापासून सुरुवात केली. भेंडीचं नाव घेतल्याबरोबर मागच्या ओळीतल्या एका आजोबांनी मधेच थांबवून चुना आधी की भेंडी आधी यावर दहा मिनिटं वाद घातला, आणि मी घालू दिला. खळग्यांची गोष्ट सांगताना सभागृह अगदी गप्प झालं. नंतर दोन जण येऊन म्हणाले, आमच्या घरी पण असंच होतं. कोळशाची गोष्टही पूर्ण सांगितली. खडूचा प्रयोग तर पोरांनी तीनदा केला, एकीच्या खडूवर गुलाबी पट्टा निघाला तो ती घरी घेऊन गेली.

त्या काकू आल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "तुम्ही साफ करून आमचं घेतलंत. मग उरलेली मळी कुठं टाकता? आमच्या नदीत?"

याचं मी अंदाजे उत्तर दिलं नाही. विचारून सांगतो म्हटलं.

खानापूरचा_पोरगा
काकूंना माझा नमस्कार सांगा. जिवंत जिवाणू असलेलं सगळं पाणी आधी वेगळ्या बंद टाकीत जातं, तिला आम्ही किल टँक म्हणतो. तिथं वाफेनं तापवून ते मारतात, ठरलेली उष्णता ठरलेला वेळ मिळाल्याची नोंद झाल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडत नाही. मग ते सांडपाणी प्रक्रियेला. कॉलम धुतलेलं कॉस्टिकचं (कडक क्षाराचं) पाणी आम्ल घालून समतोल करायचं. युरियाचं पाणी वेगळं, कारण त्यात नायट्रोजन भरपूर, तसंच सोडलं तर नदीत शेवाळ माजेल. मारायचं काम सोपं, हे युरियाचं आणि मिठाचं पाणी नीट करणं महाग, आणि तिथं सगळीकडे सारखी काळजी घेतात असं मी म्हणणार नाही. काकूंनी विचारलं ते आम्हाला आत कोणी फारसं विचारत नाही.

गुऱ्हाळकर_चिकोडी
आमची मळी शेतात खड्ड्यात, शेणाबरोबर कुजवून परत उसाला. काकूंना हे पण सांगा. आणि चुना आधी, भेंडी नंतर. त्या आजोबांना माझा नंबर हवा असला तर व्यक्तिगत निरोपात देतो.